जुन्या चेतकला आग का लागते?

झरीत माझी जुनी बजाज चेतक अजून रोज चालते. १९७२ पासूनच्या या स्कूटरला रेडिएटर नाही. फ्लायव्हीलचा पंखाच सिलिंडरवर वारा मारतो. टाकी सीटखाली, कार्बोरेटरच्या वर. पंप नसल्यामुळे पेट्रोल आपसूक खाली उतरतं. खरी गोम इथेच आहे! कॉक उघडा राहिला आणि पाइपला चीर पडली, किंवा फ्लोटच्या नीडलमध्ये कचरा अडकला, तर गाडी बंद असतानाही पेट्रोल झिरपत राहतं. झाकणाखाली वाफ कोंडते. मग किक मारताना प्लगच्या ढिल्या कॅपमधून उडालेली एक ठिणगीही पुरते. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुनं रबर त्यात फुगतं, नरम पडतं.

म्हणून गाडी लावली की कॉक बंद करा. ही सवय फुकटची आहे, तरी बहुतेकजण टाळतात. पाइप इथेनॉलला टिकणारा घ्या, दोन्ही टोकांना क्लिप लावा. तार गुंडाळून भागवू नका, ती रबर कापते. पेट्रोलचा वास आला तर किक मारूच नका. झाकण उघडा, वाफ जाऊ द्या, गळती शोधा. पेटलंच तर पाणी ओतू नका, पेट्रोल त्यावर तरंगत पसरतं. कोरडी माती टाका.