रंधा वाचायचा कसा? हत्यार हेच साधन असतं तेव्हा

सेट परीक्षेची तयारी करणारी एक ज्युनिअर गेल्या महिन्यात म्हणाली, "दादा, भौतिक साधनं हा घटक मला पाठ आहे. नाणी, शिलालेख, खापरं, हत्यारं, सगळं. पण उद्या कुणी खरंच एखादं हत्यार हातात दिलं, तर मी त्याला विचारू काय?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. पुस्तकं आपल्याला साधनांची यादी देतात, पण साधनाला बोलतं कसं करायचं हे सांगत नाहीत. म्हणून या लेखात एकच हत्यार घेऊ, सुताराचा रंधा. तो निवडायचा कसा आणि लावायचा कसा, हे बघता बघता इतिहासाच्या पद्धतीबद्दल काय कळतं ते पाहू. उदाहरण माझ्याच चुकीचं आहे. प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात मी एक वाक्य फार आत्मविश्वासाने लिहिलं होतं. ते पुढे खोडावं लागलं आणि त्याच्यामागची चार पानंही गेली.

आधी थोडी ओळख

रंधा म्हणजे काय? एक ठोकळा, त्यात तिरकं बसवलेलं पातं आणि पातं घट्ट धरणारी पाचर. ठोकळ्याचा सपाट तळ लाकडावर टेकतो, त्यामुळे पातं ठरलेल्या खोलीपेक्षा आत घुसत नाही. पटाशी आणि रंध्यात फरक इतकाच, की पटाशीची खोली हात ठरवतो आणि रंध्याची तळ ठरवतो.

ही रचना फार जुनी आहे. इसवी सन 79 मध्ये राखेखाली गेलेल्या पाँपेईत रंधे सापडले आहेत. 1545 मध्ये बुडालेलं 'मेरी रोझ' हे इंग्रजी लढाऊ जहाज 1982 मध्ये वर काढलं गेलं. त्यावरच्या सुताराच्या सामानातही रंधे होते. दोन्हींमध्ये जवळजवळ पंधराशे वर्षांचं अंतर आहे, पण यातला एक रंधा दुसऱ्या सुताराच्या हातात दिला असता तर त्याला तो ओळखीचाच वाटला असता.

जाता जाता शब्दाबद्दल. आपला 'रंधा' फारसी 'रंदा'शी जोडलेला आहे. यावरून "हे हत्यार आपल्याकडे फारसीबरोबरच आलं" असं लिहायचा मोह होतो. लिहू नका. शब्द आणि वस्तू एकाच गाडीतून प्रवास करतात असं नाही. शब्दाने वस्तूचा काळ सिद्ध होत नाही, फक्त शोधायची एक दिशा मिळते.

निवड: कोरलेली तारीख कशाची?

पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक लोखंडी रंधा मिळाला. स्टॅन्ले कंपनीचा, पाच नंबरचा. लांबी साधारण 14 इंच, पात्याची रुंदी 2 इंच. पातं बाजूला काढलं तर आतल्या ओतकामात तीन पेटंट तारखा होत्या. दोन 1902 मधल्या आणि एक 19 एप्रिल 1910. मी खूश! वहीत लिहिलं, "रंधा, 1910."

मार्गदर्शकांनी वही बघून एकच प्रश्न विचारला, "ही तारीख कशाची आहे?"

तारीख पेटंटची होती, रंध्याची नव्हती. उत्खननात एखाद्या थरात नाणं सापडलं तर तो थर त्या नाण्याच्या आधीचा असू शकत नाही, एवढंच म्हणता येतं. नंतरचा कितीही असू शकतो. इथेही तसंच. हा रंधा 1910 च्या आधीचा नाही, इतकंच ती तारीख सांगते. दुसऱ्या टोकासाठी वेगळा धागा लागतो. त्या काळी अमेरिकी पेटंटची मुदत 17 वर्षांची असे. म्हणजे 1902 ची पेटंटं 1919 मध्ये संपली. संपलेल्या पेटंटची तारीख ओतत राहण्यात कंपनीला फायदा नाही. जुन्या रंध्यांच्या संग्राहकांनी शेकडो नमुने शेजारी ठेवून ज्या प्रकार-याद्या केल्या आहेत, त्यांतही तीन तारखांचा प्रकार 1910 ते 1918 असाच येतो. 'रंधा, 1910' याऐवजी 'ठोकळा, बहुधा 1910 ते 1918' असं झालं.

'ठोकळा' हा शब्द मुद्दाम वापरला. कारण पातं झिजतं, बदललं जातं. मूठ तुटते, दुसऱ्या रंध्याची बसवली जाते. कारखान्यातही जुने सुटे भाग संपेपर्यंत नव्या रंध्यांना लागत असत. एका वस्तूत अनेक काळ राहतात. हस्तलिखिताची पानं वेगवेगळ्या हातांची असतात ना, तसंच.

वापरासाठी घ्यायचा असेल तर पेटंटपेक्षा वेगळ्या गोष्टी बघाव्या लागतात. पातं बाहेर येतं त्या तोंडाच्या दोन्ही बाजूंना ओतकामात तडा आहे का? असेल तर ठेवून द्या. पात्याची लांबी पुरेशी उरली आहे का? पात्याच्या सपाट पाठीवर, धारेजवळ गंजाचे खड्डे आहेत का? असतील तर तिथे धार कधीच सलग येणार नाही. हे तिन्ही प्रश्न इतिहासाचेही आहेत. खूप झिजून आखूड झालेलं पातं म्हणजे रोज वापरलेलं हत्यार. पूर्ण लांबीचं पातं असेल तर ते बदललेलं असेल, नाहीतर तो रंधा नुसता पडून राहिला असेल.

माझं ते वाक्य

लोखंडी रंध्याच्या पात्यावर आणखी एक पट्टी स्क्रूने आवळलेली असते. तिला चिप-ब्रेकर म्हणतात. जुन्या रोमन रंध्यांत ती नाही. जोसेफ मॉक्सनने 1670 च्या दशकाच्या शेवटी लंडनमध्ये कारागिरीवर हप्त्याहप्त्याने जे पुस्तक काढलं, त्यातल्या सुतारकामाच्या भागातही ती नाही. (मॉक्सनच्या चित्रांवरून इंग्लंडमधले रंधे कसे दिसत हे ठरवायला जाऊ नका. त्यातली बरीचशी चित्रं आंद्रे फेलिबियाँच्या 1676 च्या फ्रेंच पुस्तकावरून उतरवलेली आहेत. मजकूर लंडनचा, चित्र पॅरिसचं!) पुढे 1767 मध्ये फिलाडेल्फियातला रंधे बनवणारा सॅम्युअल कॅरुथर्स वर्तमानपत्रात 'दुहेरी पात्याच्या' रंध्यांची जाहिरात देतो. आडव्यातिडव्या रेषांच्या लाकडावर हे रंधे इतरांपेक्षा सरस आहेत, असा त्याचा दावा होता.

माझ्यासमोर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली काही इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकं होती. त्यांचा सूर असा, की ही पट्टी फक्त पातळ पात्याला आधार देते. लाकूड उपटू नये म्हणून जाड पातं वापरा, तोंड अरुंद ठेवा, कोन वाढवा. मग मी लिहून मोकळा झालो: "दुहेरी पातं हे तांत्रिक सुधारणेपेक्षा अठराव्या शतकातल्या विक्रीकौशल्याचं उदाहरण आहे." वाक्य वजनदार होतं. त्यावर उभा केलेला युक्तिवादही वजनदार होता.

मग मी तो रंधा चालवून बघायचं ठरवलं.

लावणं

रंधा लावणं म्हणजे त्याचे भाग एकमेकांशी जुळवणं. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तळ घासला. सगळा तळ आरशासारखा व्हायची गरज नसते. पुढचं टोक, तोंडाच्या लगेच पुढची पट्टी आणि मागचं टोक हे तीन भाग एका पातळीत आले की पुरतं. पात्याची पाठ धारेजवळ सपाट केली, उतार 25 ते 30 अंशांत घासला. पातं ज्या उतरत्या बैठकीवर बसतं तिचा कोन 45 अंश. चिप-ब्रेकरची कड पात्याला अशी टेकवली, की प्रकाशासमोर धरल्यावर मधून फट दिसू नये. फट राहिली तर छिलके तिथेच अडकतात.

देवदारावर रंधा सुरेख चालला. सागवानाच्या एका गाठाळ फळीवर मात्र गाठीजवळ लाकूड उपटून येऊ लागलं. तोंड अरुंद केलं. थोडा फरक पडला, मग छिलके तुंबले. माझं वाक्य खरं ठरत होतं, मला बरंच वाटत होतं.

आमच्या गल्लीत एक वयस्क सुतारकाका आहेत. त्यांना दाखवलं. त्यांनी पातं काढलं, पट्टीकडे बघितलं आणि म्हणाले, "अरे, ही एवढी मागं का ठेवलीस? जाड काढायचं तेव्हा मागं. उलट्या रेषेला पुढं घ्यायची, धारेच्या अगदी कडेला. केस बसंल एवढीच जागा सोड." पट्टी पुढे सरकवली, स्क्रू आवळला, तोंड थोडं मोकळं केलं आणि रंधा माझ्या हातात दिला. त्याच गाठीवरून तो सरळ गेला. फळी गुळगुळीत.

काय होतं ते समजून घ्या. उलट्या रेषेत पातं रेषेखाली शिरतं आणि छिलका वर उचलतो. लाकूड कापलं जायच्या आत, धारेच्या पुढेच, चिरत जातं आणि ती चीर खोल जाते. पट्टी धारेला लागून असेल तर छिलका वर येताक्षणी तिच्यावर आदळून दुमडतो. त्याची ताकद जाते आणि चीर पुढे धावायच्या आतच धार तिला गाठते. पट्टी एक-दीड मिलिमीटर मागे असेल तर यातलं काहीच घडत नाही. तेव्हा ती खरंच नुसता आधार असते. म्हणजे त्या पुस्तकांनी जे पाहिलं ते चूक नव्हतं. त्यांच्या रंध्यात पट्टी मागे होती.

मग हे ज्ञान गेलं कुठे?

घरी येऊन पुन्हा कागद उघडले. पीटर निकल्सनच्या 1812 च्या इंग्रजी पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं आहे, की लाकूड जितकं अवघड तितकी ही पट्टी धारेच्या जवळ घ्यावी. ते पान मी आधी वाचलं होतं. अधोरेखितही केलं होतं! पण त्यातलं 'जवळ' म्हणजे किती, हे माझ्या हाताला माहीत नव्हतं, म्हणून डोळ्यांनी ते नुसतं ओलांडलं.

युरोप-अमेरिकेत लाकूड रंधण्याचं काम यंत्रांकडे गेलं तसे रोज रंधा मारून पोट भरणारे कमी झाले. नंतरची पुस्तकं बहुतेक हौशी लोकांनी हौशी लोकांसाठी लिहिली. हातातून हातात जाणारं ज्ञान मधल्या एका पिढीत सुटलं आणि छापील ओळ अर्थाशिवाय उरली. पुढे जपानमधल्या यामागाता विद्यापीठातल्या कावाई आणि कातो या प्राध्यापकांनी, स्थिर पात्याच्या रंधायंत्रांसाठी, छिलका कसा तुटतो याचं जवळून चित्रीकरण केलं. पट्टी धारेपासून मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांवर आणली की उपटणं थांबतं, हे त्यात डोळ्यांना दिसतं. 2012 च्या सुमाराला ती फिल्म इंग्रजी वाचकांपर्यंत पोचली आणि 1812 मधलं म्हणणं दोनशे वर्षांनी पुन्हा 'नवं' ठरलं.

प्रयोगाने काय सिद्ध झालं, काय नाही

इथे सावध राहा, कारण दुसरी चूक पहिलीइतकीच सोपी आहे. काकांनी पट्टी पुढे सरकवली म्हणून 1767 मधले सुतारही तसंच करत होते, असं सिद्ध होत नाही. प्रयोग फक्त शक्यता सांगतो. काळ कागदाने सांगायचा असतो. कॅरुथर्सचा दावा पोकळ असण्याची गरज नाही, हे मला रंध्याने शिकवलं. 1812 पर्यंत ही जुळवणी माहीत होती, हे निकल्सनने सांगितलं. मधली 45 वर्षं अजून रिकामी आहेत आणि माझ्या प्रकरणात आता ती रिकामी म्हणूनच नोंदवलेली आहेत.

शेवटची गोष्ट जरा लाजेची आहे. रंधा लावायच्या उत्साहात मी त्याची लाकडी मूठही पॉलिश पेपरने घासली होती. नंतर जुना फोटो मोठा करून बघितला, तर मुठीच्या बाजूला दोन पुसट अक्षरं दिसली. बहुधा मालकाची. फोटोत ती वाचता येत नाहीत आणि मुठीवर आता ती नाहीत. कुणाच्या तरी हातातलं आयुष्यभराचं हत्यार होतं ते. त्याच्या नावाचा एकमेव पुरावा मीच भुशात घालवला.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आधी सगळ्या बाजूंनी फोटो, मग मापं, मग प्रत्येक भागाची वेगळी नोंद. घासायचं ते त्यानंतर, आणि तेही शक्यतो बाजारातून आणलेल्या दुसऱ्या, साध्या नमुन्यावर. लावलेला रंधा बोलतो, पण लावताना तो थोडा पुसलाही जातो.

आणि त्या ज्युनिअरच्या प्रश्नाचं उत्तर? हत्यार हातात आलं की त्याला तीन प्रश्न विचार. तुझ्यातला कुठला भाग कधीचा? तुझ्याबद्दल जे लिहिलंय ते लिहिणाऱ्याने तुला चालवलं होतं का? आणि मी आता जे करणार आहे, त्याने तुझ्यातलं काय पुसलं जाईल? तिसरा प्रश्न आधी विचारला असता, तर आज ती दोन अक्षरं माझ्याकडे असती.