भिंतींच्या आतील हवा

16 ऑक्टोबर 1834 च्या रात्री लंडनमधील वेस्टमिन्स्टरचा जुना राजवाडा जळाला आणि ब्रिटिश संसदेला नवी वास्तू उभारणे भाग पडले. या वास्तूविषयी आपण वाचतो ते चार्ल्स बॅरीचा आराखडा, ऑगस्टस प्युजिनची गॉथिक सजावट आणि श्रेयावरून झालेला वाद. भिंतींच्या आत हवेसाठी जे पोकळ मार्ग सोडले गेले, त्यांच्याकडे साहित्याचे वाचक सोडा, स्थापत्याचे इतिहासकारही फार काळ वळले नाहीत. पण त्या काळातील एक कडवट भांडण या पोकळीवरूनच झाले.

एडिंबरोचा वैद्य व रसायनशास्त्रज्ञ डेव्हिड बॉसवेल रीड याने 1836 मध्ये कॉमन्सच्या तात्पुरत्या सभागृहाची वायुव्यवस्था केली. लाकडी जमिनीला जवळजवळ दहा लाख बारीक छिद्रे पाडून वर घोड्याच्या केसांचा गालिचा अंथरला. तळघरात ऊब घेतलेली हवा या छिद्रांतून वर येई आणि छतातून बाहेरच्या उंच धुराड्याकडे जाई. धुराड्याच्या तळाशी पेटवलेली आग तिला ओढून घेई. कल्पना उत्तम होती. मात्र ही हवा सभासदांच्या बुटांखालून येत असे आणि तिच्यासोबत बुटांची धूळही नाकातोंडात जाई! हवा कोणत्या वाटेने येते यावर तिचा गुण ठरतो, हे रीडला येथे शिकता आले असते.

नव्या राजवाड्यासाठी त्याची मागणी मोठी होती. नदीकाठच्या धुरापासून दूर, उंच मनोऱ्यांच्या माथ्यावरून हवा आत घ्यावी, साऱ्या इमारतीत एकाच योजनेने फिरवावी आणि मधल्या मनोऱ्यातून बाहेर सोडावी. राजवाड्याचा मध्यवर्ती मनोरा, सुमारे 91 मीटर उंचीचा, या मागणीमुळेच आराखड्यात आला. बॅरीची तक्रार अशी, की आराखडे होऊन गेल्यावर रीड नवनव्या पोकळ्या मागतो. तक्रार निराधार नव्हती, आणि रीडही समजुतीने घेणारा गृहस्थ नव्हता. अखेर कामाची वाटणी झाली : लॉर्ड्सचे सभागृह बॅरीकडे, कॉमन्सचे रीडकडे. एकाच इमारतीत दोन योजना आल्या.

आमच्या मते खरा घात या वाटणीने केला. हवेचे मार्ग एकमेकांत गुंतलेले असतात. एका सांध्यातून हवा निसटली की दुसऱ्या टोकाचा दाब उतरतो. मग भट्टी कितीही चांगली असो, दूरच्या खोलीला थंडी वाजतेच. आजही अमेरिकेच्या एनर्जी स्टार कार्यक्रमाच्या अंदाजानुसार सामान्य घरात अशा नळांतून वाहणाऱ्या हवेपैकी 20 ते 30 टक्के हवा गळती, छिद्रे आणि सैल जोडांमुळे वाया जाते. घरमालक मात्र नवे यंत्र विकत घेतो. वेस्टमिन्स्टरनेही यंत्राऐवजी माणूस बदलला : 1852 मध्ये नवे कॉमन्स सभागृह सुरू होताच तक्रारींचा पाऊस पडला आणि रीडला काढून टाकण्यात आले. पुढे गोल्ड्सवर्दी गर्नीकडे काम गेले. 1858 च्या उन्हाळ्यात टेम्स नदीची दुर्गंधी असह्य झाली, तेव्हा चुन्याच्या क्लोराइडात भिजवलेले पडदे टांगण्यापर्यंत मजल गेली.

मग दोष रीडच्या शास्त्रातच होता काय? याचे उत्तर लिव्हरपूलला मिळते. तेथील सेंट जॉर्जेस हॉलचा तरुण वास्तुकार हार्वी लॉन्सडेल एल्म्स याने रीडला सोबत घेतले आणि हवेच्या वाटा भिंतींबरोबरच आखल्या. एल्म्स 1847 मध्ये वारला. इमारत 1854 मध्ये उघडली. तेथे हवा गरम पाण्याच्या व वाफेच्या नळांवरून जाई, सुमारे 3 मीटर व्यासाचे चार पंखे तिला पुढे ढकलत आणि मार्गांतील कॅनव्हासचे पडदे कामगार हातांनी उघडत-मिटत. येथील लहान संगीतगृहात चार्ल्स डिकन्सने आपल्या कादंबऱ्यांची जाहीर वाचने केली. त्या वाचनांच्या आठवणी पुष्कळ लिहिल्या गेल्या. पडदे ओढणाऱ्यांची नावे आमच्या पाहण्यात नाहीत.

रीड पुढे अमेरिकेला गेला आणि 1863 मध्ये वॉशिंग्टनला मरण पावला. वेस्टमिन्स्टरच्या भिंतींतील ते उभे-आडवे मार्ग अजून आहेत. त्यांतून वीजतारा व नळ गेले आहेत, आणि राजवाड्याच्या जीर्णोद्धाराच्या चर्चेत आता भीती वेगळी आहे : आग लागली, तर धूर याच वाटांनी इमारतभर पसरेल.