शनिवारी घाणा बंद : बेने इस्रायल समाजाच्या स्मृतीचा इतिहास

१/ करंजाड्याजवळच्या पनवेलमध्ये १८४९ साली स्थापन झालेले ‘बेथ एल’ सिनेगॉग आजही उभे आहे. ते उभारणारा बेने इस्रायल समाज भाषेने मराठी, धर्माने यहुदी. धर्मग्रंथ आणि धर्मगुरू दोन्ही नसताना या समाजाने शतकानुशतके आपली ओळख कशी जपली?

२/ समाजाची परंपरा सांगते, की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर पूर्वजांचे जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. बाकी सारे समुद्रात गेले. या घटनेचा समकालीन लेखी पुरावा नाही. वंशज गावोगाव पांगले, तेल गाळू लागले. किहीमचे केहिमकर झाले, पेणचे पेणकर.

३/ शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे; म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. आठव्या दिवशी मुलाची सुंता, खवले नसलेली मासळी वर्ज्य आणि ‘शेमा’ ही हिब्रू प्रार्थना, एवढा वारसा घरोघरी टिकला.

४/ पुढे डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी कोकणात आला. त्याने परीक्षेसाठी स्त्रियांपुढे सरमिसळ मासळी ठेवली. त्यांनी खवले नसलेली बाजूला काढली, अशी आख्यायिका आहे. रहाबीच्या काळाविषयी मतभेद आहेत. त्याने तीन तरुणांना धर्मविधी शिकवले; ते ‘काजी’ म्हणून ओळखले गेले.

५/ घराने आचार जपला होता. त्यामागचा अर्थ शिक्षणाने परत मिळवून दिला. १७९६ मध्ये सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग उभारले. १८३२ मध्ये जॉन विल्सन या मिशनऱ्याने मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. मिशनऱ्यांना धर्मांतर हवे होते. समाजाने हिब्रू आत्मसात केली आणि धर्म स्वतःचाच राखला.

६/ १८७५ मध्ये हाईम सॅम्युअल केहिमकर यांच्या पुढाकाराने मुंबईत समाजाची स्वतःची शाळा निघाली. आजचे सर एली कदूरी विद्यालय ते हेच.

७/ १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. तेथील धर्मपीठाने विवाहाच्या प्रश्नावरून त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली. समाज रस्त्यावर उतरला; १९६४ मध्ये शासनाने त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता दिली.

८/ इस्रायलमध्येही शुभकार्यात पोहे, खोबरे आणि फळांचा ‘मलिदा’ मांडला जातो, प्रेषित एलियाहूचे स्मरण होते. ही प्रथा तिथल्या इतर यहुद्यांत नाही. ती कोकणातल्या घरांतून तिथे गेली आहे. पुढच्या पिढीला मराठी येईल की नाही, यावर तिचे निम्मे आयुष्य अवलंबून आहे.