व्हिडिओगेम-प्रेरणामापन

व्हिडिओगेम-प्रेरणामापन : माणसे व्हिडिओगेम का खेळतात, हे मुख्यतः प्रश्नावलीने मोजण्याच्या पद्धती. थॉमस मेलोन यांनी १९८० च्या सुमारास आव्हान, कल्पित विश्व व कुतूहल हे घटक मांडले होते. तरी विषयाची सुरुवात बहुधा रिचर्ड बार्टल यांच्या १९९६ मधील निबंधापासून धरतात. ‘मड’ हा केवळ मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकत्र खेळायचा खेळ रॉय ट्रबशॉ व बार्टल यांनी इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ पासून घडवला. त्याच्या पुढच्या आवृत्तीतील मुरलेल्या खेळाडूंमध्ये, लोकांना यातून हवे तरी काय, यावर १९८९-९० मध्ये कित्येक महिने वाद रंगला. त्याचे सार काढून बार्टल यांनी चार प्रकार पाडले : यशामागे धावणारे, धुंडाळणारे, गप्पांत रमणारे आणि दुसऱ्यांना मारण्यात मजा घेणारे. वर्गीकरण कमालीचे लोकप्रिय झाले. मापन मात्र ते नव्हते. बार्टल यांच्या नावाने चालणारी चाचणीसुद्धा नंतर इतरांनी बनवलेली आहे.

मापन म्हणावे असे काम निक यी यांचे. २००६ मध्ये त्यांनी ऑनलाइन भूमिकाप्रधान गेम खेळणाऱ्या सुमारे ३,००० जणांची ४० प्रश्नांवरील उत्तरे घटक विश्लेषण या संख्याशास्त्रीय पद्धतीने, म्हणजे एकत्र चढउतार होणाऱ्या उत्तरांचे गट पाडून, तपासली. त्यांतून दहा उपघटक आणि सिद्धी, सामाजिकता व तल्लीनता हे तीन मुख्य घटक निघाले. एका घटकात वरचे गुण मिळवणारा दुसऱ्यातही वर असू शकतो, हे दिसल्यावर खेळाडूंना चार कप्प्यांत कोंबण्याचा आधारच गेला. पण प्रश्नावलीतून निघतात ती खेळाडूला स्वतःला उमगलेली कारणे, आणि तीही विचारलेल्यांपैकीच. घटक विश्लेषणात आकडेच बोलतात, असा यावर आक्षेप येतो. तो अर्धाच खरा आहे : विश्लेषण प्रश्नांचे गट पाडते, न विचारलेला प्रश्न उभा करत नाही. प्रश्न बदलले की घटकही बदलतात : हंगेरीतील झोल्ट डेमेट्रोविक्स व सहकाऱ्यांच्या २०११ मधील २७ प्रश्नांच्या श्रेणीत सात प्रेरणा आहेत आणि त्यांत वास्तवापासून पलायन व ताण हाताळणे वेगवेगळे मोजले जातात. यी यांच्याकडे पलायन हा तल्लीनतेचा उपघटक आहे. २०१२ मधील यी यांची १२ प्रश्नांची श्रेणी अमेरिका, हाँगकाँग व तैवान येथे टिकली, हा अधिक वजनदार प्रतिवाद. मात्र तिन्हीकडचे खेळाडू ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चेच होते, देश बदलले, खेळ तोच राहिला.

प्रश्न विचारण्यापेक्षा सर्व्हरवरील नोंदी पाहाव्यात, असेही सुचवले जाते. वेळेपुरते ते योग्यच : ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१ मध्ये कंपन्यांकडील नोंदींशी ताडून पाहिले, तेव्हा खेळाडू आपला खेळण्याचा वेळ वाढवून सांगतात असे आढळले. कारणाचे तसे नाही. रोज रात्री एकाच गटातून राक्षसावर चालून जाणाऱ्या दोघांची नोंद सारखीच पडते. एक तलवारीसाठी आलेला असतो, दुसरा सोबत्यांसाठी. हे विचारल्याशिवाय कळत नाही.

खेळण्याची कारणे विचारण्याऐवजी रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी व अँड्र्यू शिबिल्स्की (२००६) यांची श्रेणी स्वायत्तता, सक्षमता व आपुलकी या गरजा खेळातून कितपत भागतात हे मोजते.

व्यावसायिक उपयोग : यी व निकोला ड्यूशेनो यांच्या क्वांटिक फाउंड्रीची १२ प्रेरणांची चाचणी.