‘स्मृतिचित्रे’मधील सोवळे : आवडनिवड आणि आत्मवंचना

प्रस्तावना :
आपली आवडनिवड आपल्याला पूर्णपणे ज्ञात आहे, असे प्रत्येक व्यक्ती गृहीत धरते. तथापि रिचर्ड निस्बेट व टिमोथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली असे प्रतिपादन केले की, माणूस आपल्या वर्तनाची जी कारणे सांगतो ती पुष्कळदा समाजात रूढ असलेली स्पष्टीकरणे असतात. खरे कारण त्याला ठाऊकही नसते. प्रस्तुत लेखात लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांच्या आत्मचरित्राच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

सोवळ्याचे मूळ :
लक्ष्मीबाईंचे वडील नाना गोखले हे कमालीचे सोवळे पाळत. बाजारातून आणलेले जिन्नसही त्यांच्या घरी धुऊन घेतले जात. नानांच्या लेखी हे धर्माचरण होते. लक्ष्मीबाई मात्र त्याचे मूळ १८५७ च्या बंडानंतर नानांच्या सासऱ्यांना झालेल्या फाशीच्या धक्क्यात शोधतात. मनाच्या जखमेला धर्माचे नाव मिळाले आणि तिचा जाच साऱ्या घराने सोसला.

अहमदनगर येथील स्थित्यंतर :
ना. वा. टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई अहमदनगर येथे पतीकडे राहावयास आल्या. तरीही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही. ज्या सोवळ्याचा जाच लहानपणी सोसला, तेच त्यांनी स्वतःचे म्हणून जपावे, ही बाब लक्षणीय आहे. पुढे जातिभेद माणसानेच निर्माण केला आहे, हा विचार मनात ठसला आणि सोवळे गळून पडले. ख्रिस्ती धर्माचा स्वीकार त्यांनी त्यानंतर केला. म्हणजेच उपजत वाटणारी किळस ही संस्काराने आलेली होती व ती विचाराने दूर होऊ शकत होती.

साधनाची मर्यादा :
‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. तोपर्यंत लेखिकेच्या धर्मांतरास तीन दशके उलटून गेली होती. उत्तरकालीन श्रद्धेने पूर्वस्मृतींना आकार दिला असण्याची शक्यता नाकारता येत नाही. परंतु लेखिका पूर्वायुष्यातील स्वतःलाही हसण्यावारी नेते, त्यामुळे या साधनाची विश्वासार्हता वाढते.

निष्कर्ष :
अस्पृश्यता ग्रंथांच्या आज्ञेने टिकली, तशीच ‘आम्हाला चालत नाही’ या घरगुती वाक्यानेही टिकली. असे वाक्य उच्चारणारा बहुधा खोटे बोलत नसतो. म्हणूनच त्याची चिकित्सा कठीण होते. आत्मचरित्रातील ‘मला वाटले’ हे शब्द इतिहासाच्या अभ्यासकाने उत्तर म्हणून न स्वीकारता तेथूनच चौकशीस प्रारंभ करावा, असे म्हणता येईल.