सत्याहत्तर रेषांची चकती : ध्वनिमुद्रिका, तुलना आणि न उमटलेला आवाज

मागचं व्याख्यान हस्तलिखितांवर झालं. ते संपल्यावर एका बाईंनी आम्हाला विचारलं, की पुढचा विषय गाण्याच्या रेकॉर्डी, आणि बोलणार तत्त्वज्ञानाचा माणूस, हे कसं काय? प्रश्न रास्त आहे. आम्हाला गाता येत नाही. पेटीवर सा सापडला तरी मध्यमापर्यंत जाताना बोट अडखळतं. पण नोकरीची सगळी वर्षं आम्ही वर्गात एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला : जे आता समोर नाही, त्याच्याबद्दल आपल्याला काही कळलं असं कधी म्हणता येतं? आजचा विषय नेमका तिथेच येऊन पोहोचतो.

ही चकती बघा. मागे बसलेल्यांना दिसत नसेल तर नंतर जवळून बघा. ॲल्युमिनियमची आहे, कडेला सत्याहत्तर रेषा कोरलेल्या आहेत. आमच्या एका स्नेह्यांनी ती केली. ते मूळचे कोल्हापूरचे. साठच्या दशकात पिंपरी-चिंचवडला कारखाने भराभर उभे राहिले, आणि कोल्हापूर, सांगली, बेळगावकडून माणसं इकडे आली, त्यांतले हे एक. टूलरूममध्ये कामाला होते. पुढे घर चिंचवडला केलं. दुसरी पाळी संपवून रात्री घरी आले, की जेवायच्या आधी एक रेकॉर्ड लावायचे. पाळी बदलली तरी रेकॉर्ड चुकली नाही.

त्यांचे वडील कोल्हापुरात अल्लादिया खाँसाहेबांना ऐकलेले. खाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी होते. १९२२ मध्ये महाराज गेले आणि त्यानंतर खाँसाहेब मुंबईला राहिले. म्हणजे वडिलांनी ऐकलं ते ऐन तरुणपणी. घरात त्याची आठवण निघायची तेव्हा वडील हातानं तानेचा आकार काढून दाखवायचे, आणि मग म्हणायचे, ‘छे, हे तसं नाही.’ आमच्या स्नेह्यांना लहानपणापासून एवढंच हवं होतं, की वडिलांनी जे ऐकलं ते आपण एकदा ऐकावं. आणि हे शक्य नव्हतं, कारण अल्लादिया खाँसाहेबांची एकही तबकडी नाही. १८५५ चा जन्म, १९४६ ला मुंबईत निधन. म्हणजे आयुष्याची शेवटची चव्वेचाळीस वर्षं हिंदुस्थानात तबकड्या निघत होत्या, आणि त्यांत हा आवाज नाही.

कालक्रम थोडा नीट लावून घेऊ. १९०२ मध्ये फ्रेड गायसबर्ग कलकत्त्याला आला आणि ग्रामोफोन कंपनीसाठी इथल्या गायिका-गायकांचे आवाज टिपू लागला. गौहरजान त्यांतली सर्वांत नावाजलेली. गाणं संपताना ती इंग्रजीत आपलं नाव सांगते. ते मिरवणं नव्हे. मेणावरचं मूळ मुद्रण जर्मनीत हानोव्हरला जायचं, तिथे तबकड्या छापायच्या. तिथल्या कामगाराला कुठलं गाणं कोणाचं हे कळावं म्हणून ती सोय. १९०८ पासून कलकत्त्यातच, सियालदहला, कारखाना सुरू झाला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटं, बारा इंचीला साडेचार. एवढ्यात ख्याल बसवायचा!

काहींनी बसवला. अब्दुल करीम खाँसाहेबांनी १९०५ च्या सुमारास तबकड्या दिल्या आणि पुन्हा तिशीच्या दशकात, १९३७ मध्ये निधन होण्याआधी. दोन्ही काळातल्या एकामागून एक ऐका. आधीचा गवय्या तानेच्या तयारीत रंगलेला, नंतरचा एका स्वरावर थांबून राहणारा. एकच माणूस, मध्ये तीस वर्षं. या बाबतीत आपण भाग्यवान. उलट भास्करबुवा बखले. पुण्यात भारत गायन समाज स्थापन करणारे, बालगंधर्वांचे, मास्तर कृष्णरावांचे गुरू. १९२२ ला गेले, मागे आवाज नाही. आणि बुवा ज्यांच्याकडे शिकले त्यांत अल्लादिया खाँसाहेबही होते. त्यांनी तबकडी का दिली नाही याची कारणं लोक अनेक सांगतात. आम्ही त्यात शिरत नाही.

आता आमच्या स्नेह्यांनी काय केलं? ते म्हणाले, गुरू नाही तर शिष्य आहेत. केसरबाई केरकर, १९२१ मध्ये खाँसाहेबांचा गंडा बांधलेल्या. मोगूबाई कुर्डीकर. आणि मल्लिकार्जुन मन्सूर, जे खाँसाहेबांचे मुलगे मंजीखाँ आणि नंतर भुर्जीखाँ यांच्याकडे शिकले. या तिघांचं जे जे मिळेल ते जमवायचं, शेजारी शेजारी ठेवायचं, आणि तिघांत समान काय ते शोधायचं. समान ते गुरूचं. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी फेरी, पिंपरी कॅम्पातल्या कॅसेटवाल्यांशी ओळख, गावाकडून येणाऱ्या माणसाच्या पिशवीत दोन प्लेटा. आमची ओळख त्यातूनच झाली. शनिवारी रात्री त्यांच्याकडे बसून ऐकायचं आणि वाद घालायचा.

पहिल्याच शनिवारी आम्ही त्यांना म्हणालो, अहो, तुम्ही जे करताय ते भांडारकर संस्थेत चाललंच होतं! महाभारताची चिकित्सक आवृत्ती. १९१९ ला काम सुरू, १९६६ ला पुरं. निरनिराळ्या लिप्यांतली शेकडो हस्तलिखितं, त्यांचे पाठभेद, कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरली याचा वंशवृक्ष. विष्णु सुखठणकरांनी आदिपर्वाच्या प्रस्तावनेत, १९३३ मध्ये, स्वच्छ सांगून ठेवलं आहे, की हे व्यासांचं मूळ महाभारत नव्हे. हाती असलेल्या पोथ्यांवरून मागे जाता येईल तेवढं मागचं रूप. आमच्या मते अलीकडच्या काळात पुण्यात लिहिल्या गेलेल्या सर्वांत प्रामाणिक वाक्यांपैकी ते एक आहे.

स्नेह्यांना हे फार आवडलं. पण दोन-तीन वर्षांत या उपमेला तडे गेले, आणि खरं शिक्षण त्या तड्यांतूनच झालं.

पहिला तडा वेगाचा. त्यांच्या वहीत एक मोठा निष्कर्ष लिहिलेला होता, की केसरबाईंची लय मोगूबाईंपेक्षा चढी आणि आवाजही वरच्या पट्टीचा. बरेच दिवस आम्ही दोघे ते धरून बोलत होतो. एकदा त्यांना शंका आली, की आपला ग्रामोफोनच बरोबर फिरतोय का? म्हणून ही चकती. आपल्याकडची वीज पन्नास सायकलची, म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकते, मिनिटाला सहा हजार वेळा. सहा हजाराला सत्याहत्तरने भागा : ७७.९२. चकती प्लेटवर ठेवून ट्यूबखाली फिरवली आणि रेषा जागच्या जागी उभ्या दिसल्या, तर वेग अठ्ठ्याहत्तर. रेषा पुढे सरकल्या तर यंत्र जास्त पळतंय. सत्याहत्तर हा आकडा डिव्हायडिंग हेडच्या नेहमीच्या प्लेटवर बसत नाही, त्यासाठी वेगळे गिअर लावावे लागतात. हे त्यांनी आम्हाला इतक्या आनंदानं समजावून सांगितलं, की रागाबद्दलही ते तसं बोलले नसतील.

रेषा पळत होत्या. यंत्र मिनिटाला ब्याऐंशीच्या वर फिरत होतं. एवढ्या फरकानं काळी चारचा सा पांढरी सहाला जातो, आणि लय त्याच प्रमाणात वाढते. केसरबाईंच्या प्लेटा त्यांनी या यंत्रावर ऐकलेल्या, मोगूबाई मात्र टेपवर. म्हणजे आमचा निष्कर्ष दोन बायकांच्या गायकीवर नव्हताच, एका ढिल्या गव्हर्नरवर होता! (हशा) त्यांनी वहीतली निम्मी पानं लाल पेन्सिलीने खोडली. पुढे कळलं, की जुन्या प्लेटा सगळ्या अठ्ठ्याहत्तरलाच मुद्रित झालेल्या नसतात, सुरुवातीच्या काळातल्या तर मुळीच नाहीत. म्हणजे चकती तुमचं यंत्र सुधारते, तबकडीचा मूळ वेग सांगत नाही. तो कानानं आणि तर्कानं ठरवायचा.

दुसरा तडा तीन मिनिटांचा. तिघांच्या प्लेटांत त्यांना एक साम्य दिसलं : आलाप थोडका, लगेच ताना, शेवटी घाईनं सम. हे जयपूर घराण्याचं लक्षण म्हणावं, तर दुसऱ्या घराण्यांच्या प्लेटांतही तेच. ते साम्य गुरूचं नाही, शेलॅकचं. लेखनिक पोथी उतरवताना पान संपलं म्हणून श्लोक आखूड करत नाही. गवय्याला करावा लागतो.

तिसरा तडा अधिक खोल, आणि इथे आम्हाला थोडं थांबायचं आहे. लेखनिकाचं कर्तव्य जसंच्या तसं उतरवणं. तो बदलला तर चुकला. शिष्य जसंच्या तसं गाऊ लागला तर आपण त्याला नक्कल म्हणतो. केसरबाईंचा तो खुला, घुमारदार आकार आणि न तुटणारा श्वास. मोगूबाईंची लयीवरची पक्की मांड. मन्सूरांचं एका आवर्तनातून दुसऱ्यात अखंड वाहत जाणं. हे पाठभेद म्हणून वगळायचे, की हेच गुरूनं दिलं असं म्हणायचं? शिवाय खाँसाहेबांचा स्वतःचा आवाज तरुणपणी अतिगायनानं बसला होता आणि त्या बदललेल्या आवाजाला धरून त्यांनी नवी गायकी घडवली, असं त्यांच्या नातवाला सांगितलेल्या आत्मकथेत आहे. मग केसरबाईंच्या भरदार आवाजात गुरूचा आवाज शोधणं म्हणजे नेमकं काय शोधणं?

यावर स्नेह्यांनी जी युक्ती काढली ती आम्हाला आजही नामी वाटते. ते म्हणाले, तीन शिष्य शेजारी ठेवण्यापेक्षा एकच शिष्य घेऊ, तालीम मिळण्याआधीचा आणि नंतरचा. मन्सूर आधी मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम घेतलेले. त्यांच्या एचएमव्हीच्या सुरुवातीच्या प्लेटा, गौडमल्हार आणि अडाणा, १९३३ च्या सुमाराच्या, मंजीखाँकडे शिकायच्या आधीच्या. गळा तोच, माणूस तोच. आधीच्या प्लेटेत तान सरळ चढते, सरळ उतरते, आणि तयारी अशी की ऐकणाऱ्याला घाम फुटावा. नंतरच्या ध्वनिमुद्रणांत तीच तान वळते, स्वतःच्याच अंगावरून परत येते, कुठे सुटणार याचा अंदाज लागत नाही. जो फरक पडला तो तालमीचा. निदान त्याचा मोठा भाग. मधली वयाची वर्षं, आणि लाँगप्लेवर मिळालेली वीस मिनिटं, यांचा वाटा वजा करायला हवाच. आम्ही त्यावरून बरेच भांडलो. पण अल्लादिया खाँसाहेबांच्या इतक्या जवळ आम्ही दुसऱ्या कुठल्या वाटेनं गेलो नाही.

एक गोष्ट मात्र तुलनेला कायमची बाधली. तबकडी निघाली, की ती गुरूशिवाय प्रवास करते. अब्दुल करीम खाँची प्लेट ऐकून गदगचा एक मुलगा घर सोडून निघाला, तो पुढे भीमसेन जोशी झाला. पोथ्यांच्या शास्त्रात याला संकर म्हणतात : एका शाखेची पोथी दुसऱ्या शाखेवरून दुरुस्त झालेली. तबकड्या घरोघरी गेल्यानंतरच्या पिढ्यांत कोणाचं काय तालमीतून आलं आणि काय प्लेटेवरून, हे वेगळं करणं जवळजवळ अशक्य. आणि तबकडी कुठवर जाईल याचाही नेम नाही. केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावर गेली. सप्टेंबरच्या ५ तारखेला दुसरं यान सुटलं, १६ तारखेला बाई वारल्या.

आमचे स्नेही काही वर्षांपूर्वी गेले. मुलगा चाकणला गाड्यांच्या कारखान्यात, राहायला मोशीत, दोन खोल्यांत. त्याला आम्ही दोष देत नाही. प्लेटांची वजनं तुम्ही उचलली आहेत का? पंचवीस प्लेटांची एक थप्पी म्हातारा माणूस एका हाती उचलू शकत नाही. आम्हाला कळेपर्यंत बऱ्याचशा कुदळवाडीच्या भंगारात गेल्या होत्या. गंमत अशी, की शेलॅकला भंगारातही भाव नाही. भाव आला तो लाकडी पेट्यांना. मुलानं आमच्यासाठी तीन गोष्टी बाजूला ठेवल्या : मन्सूरांची जुनी प्लेट, ही चकती आणि वह्या.

वह्या सात आहेत. प्रत्येक रागाला एक पान. रकाने आखलेले : गायक, प्लेटचा नंबर, वेग, सा कुठे, काय ऐकलं. प्रत्येक पानावर पहिली ओळ अल्लादिया खाँसाहेबांच्या नावाची, आणि तिच्यापुढचे सगळे रकाने कोरे. खाली केसरबाई, मोगूबाई, मन्सूर, बारीक अक्षरात. मन्सूरांच्या नंतरच्या तानेपुढे, नटकामोदाच्या पानावर, त्यांनी पेन्सिलीनं एक नागमोडी रेघ काढली आहे आणि शेजारी लिहिलं आहे : ‘आबा हातानं असंच दाखवायचे.’

आता ती प्लेट लावू. गौडमल्हार आधी. ट्यूब चालू ठेवा, पंखे मात्र बंद करा.