साखर आजोळची की ताटातली?

एचबीए१सीचा पहिला रिपोर्ट हातात पडला तेव्हा मी २८ वर्षांचा होतो. आकडा ६.१. म्हणजे मधुमेह नाही, पण त्याच्या उंबरठ्यावर. वजन ५८ किलो, सुटलेलं पोट वगैरे काही नाही. घरी सांगितलं तर आजीने निकालच देऊन टाकला, "हे तुझ्या आजोळचं. आमच्याकडे कुणाला साखर नव्हती." आई काही बोलली नाही. ती ओट्याकडे वळली.

आजार कुठल्या बाजूने आला हे आपल्याकडे आधी ठरतं. मजा म्हणजे विज्ञानानेही बराच काळ हाच प्रश्न विचारला.

१९६२ साली जेम्स नील या अमेरिकी जनुकशास्त्रज्ञाने 'काटकसरी जनुका'ची कल्पना मांडली. माणसाचा फार मोठा काळ कधी सुकाळ तर कधी उपासमार अशात गेला. मिळेल तेव्हा खाऊन चरबी साठवणारी जनुकं ज्यांच्यात होती ते तगले. आता रोजच सुकाळ, म्हणून तीच जनुकं आपल्यावर उलटली. कल्पना देखणी होती. फक्त ते जनुक कुणी पाहिलेलं नव्हतं.

दुसरा धागा इंग्लंडमधल्या जुन्या वह्यांत निघाला. हर्टफर्डशायरमध्ये १९११पासून नर्सबाया घरोघरी जाऊन बाळाचं जन्माचं आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन लिहून ठेवत. डेव्हिड बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बाळं म्हातारपणी कशी आहेत हे शोधलं. लहानपणी हलकी असलेली माणसं हृदयविकाराने जास्त मेली होती आणि त्यांच्यात मधुमेहही जास्त होता. १९९२मध्ये हेल्स आणि बार्कर यांनी नीलचे शब्द फिरवले: काटकसर जनुक शिकवत नाही, पोटातली उपासमार शिकवते.

हे सगळं पुण्यात कुणीतरी कान देऊन ऐकत होतं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना दिसत होतं, की आपल्याकडे मधुमेह तरुणपणीच येतो, आणि जाड नसलेल्यांनाही येतो. १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांच्या गटाने लग्न झालेल्या बायकांची मोजमापं दिवस राहण्याच्या आधीपासून घ्यायला सुरुवात केली. सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदम्पटनची ३.५ किलोची. पण पाठीवरची चिमूट मापून बघितली तर चरबी जवळपास तेवढीच. कमी होते ते स्नायू. बाळ बारीक, आणि तरी चरबीदार.

२००४ साली 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो आला. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. तो फोटो मी मोबाइलवर मोठा करून करून पाहिला. त्यात मला मी दिसत होतो.

मग जनुकांचं काय? तीही सापडली. २००६मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी टीसीएफ७एल२ हे जनुक मधुमेहाशी जोडलं. पुढच्याच वर्षी पुण्याच्या गटाने हैदराबादच्या सीसीएमबीसोबत दाखवलं, की भारतीयांतही ते लागू पडतं. पण असं एक जनुक म्हणजे शिक्षा नव्हे. ते जोखीम थोडी वाढवतं, बस. एफटीओ या जनुकाची गोष्ट आणखी बोलकी आहे. युरोपीय लोकांत ते आधी वजन वाढवतं आणि त्यातून मधुमेह येतो. भारतीयांत वजनाचा हिशेब वगळला तरी मधुमेहाशी त्याचं नातं बरंचसं उरलं.

सगळ्यात भावली ती पुढची युक्ती. सहा गावांतल्या साधारण दोन तृतीयांश आयांना बी१२ कमी होतं. ते कमी असलं की रक्तात होमोसिस्टीन वाढतं. ज्या आयांमध्ये ते जास्त, त्यांची बाळं हलकी. पण याला कारण म्हणायचं कसं? गरिबी, कष्ट, शिक्षण, सगळंच एकमेकांत गुंतलेलं. इथे मेंडेल मदतीला आला. आईबापांच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी कुठली आपल्या वाट्याला येणार, ही सोडत असते. ती घरातलं उत्पन्न बघत नाही. एमटीएचएफआर या जनुकाच्या एका प्रकाराने होमोसिस्टीन जन्मतःच जास्त राहतं. अशा आयांची बाळंही हलकी निघाली, तर दोष होमोसिस्टीनकडे जातो. पुणे आणि म्हैसूरच्या आयांवरचा हा अभ्यास २०१४मध्ये छापून आला. कौल होमोसिस्टीनच्या विरोधात होता.

म्हणजे ज्या जनुकाला आपण आरोपी म्हणून पकडायला निघालो, ते साक्षीदार ठरलं. आणि त्याने बोट दाखवलं ताटाकडे. पण ताट आईचं असलं तरी त्यात काय पडायचं हे तिच्या हातात नसतं. म्हणून 'आईने नीट खाल्लं नाही' हा या संशोधनाचा अर्थ नव्हे. तसा लावला तर आजीचा निकालच आपण नव्या शब्दांत सांगू.

गेल्या दिवाळीत माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझं लसीकरणाचं पिवळं कार्ड सापडलं. जन्मवजन २.२ किलो. मी आजीला विचारलं, "माझ्या वेळी आई काय खायची गं?" ती बराच वेळ गप्प राहिली.

"सगळ्यांच्या मागून जेवायची. उरेल ते," ती म्हणाली. मग जरा थांबून, "मीही तशीच जेवले रे. तुझ्या बाबाच्या वेळी."

आई आतून ऐकत होती. त्या दिवसापासून आजोळचा विषय आमच्या घरात निघालेला नाही. आता रात्री सगळे एकदम जेवायला बसतात, आणि आईचं ताट आजी वाढते.